धडधड, भीती आणि मधलं एक वाक्य: पॅनिक अटॅकमागच्या विचारांच्या सवयी ओळखायच्या कशा, मोडायच्या कशा

जिना चढून आल्यावर छाती धडधडते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तीच धडधड भर बैठकीत, खुर्चीवर बसल्या बसल्या सुरू झाली की मात्र पाचावर धारण बसते. हृदयाचं काम दोन्ही वेळा सारखंच चाललेलं असतं. पहिल्या वेळी डोक्यात येतं, 'दम लागला'. दुसऱ्या वेळी येतं, 'हे काय होतंय मला?' हे दुसरं वाक्य आलं की धडधड आणखी वाढते, वाढलेली धडधड त्याच वाक्याला पुरावा म्हणून हजर होते आणि बघता बघता माणूस 'आता माझं काही खरं नाही' इथपर्यंत पोचतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचं हेच चक्र मांडलं. शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थामुळे भीती वाढते, भीतीमुळे संवेदना वाढते, की पुन्हा अर्थ. पॅनिकवर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार) नावाचा जो मानसोपचार सर्रास दिला जातो, त्याचा मोठा भाग या चक्रावर बेतलेला आहे. ते चक्र सैल कसं करायचं, तेवढ्यापुरताच हा लेख.

'सगळे मनाचे खेळ आहेत' असं मात्र इथे कुणाला सुचवायचं नाही. धडधड खरी असते, घाम खरा असतो, हातापायांना सुटलेला कंपही खरा असतो. चुकतो तो फक्त त्यांचा लावलेला अर्थ. आणि अर्थ लावण्याची पद्धत ही सवय असते, म्हणून ती बदलता येते. वेळ लागतो, आठवडे लागतात, पण येते.

आधी डॉक्टर, एकदाच आणि नीट

थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, साखर उतरत असेल, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडत असेल, तरी धडधड आणि अस्वस्थपणा जाणवतो. दम्याची काही औषधं आणि भरपूर कॉफी यांनीही तेच होतं. त्यामुळे पहिल्यांदा त्रास झाला असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दाबल्यासारखं दुखून ते हात, मान किंवा जबड्याकडे सरकत असेल, श्रम केल्यावर वाढत असेल, शुद्ध हरपत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तातडीने दवाखाना गाठा.

तपासण्या एकदा नीट झाल्या आणि डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटलं, की तिथे थांबा. तोच ईसीजी दर महिन्याला काढत राहणं हा आजाराचाच भाग असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी १: शरीर काय करतंय ते समजून घ्या

भीती, चिंता आणि पॅनिक ही तिन्ही एकाच घरातली. समोर धोका असताना वाटते ती भीती. पुढे कधीतरी काही होईल म्हणून जीव टांगणीला लागतो ती चिंता. आणि धोका काहीच दिसत नसताना शरीराने एकदम लढाईची तयारी सुरू केली की तो पॅनिक अटॅक. धडधड, घाम, कंप, गुदमरल्यासारखं वाटणं, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, मुंग्या, अंगावर गरम किंवा थंड लाट, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं भासणं, वेड लागेल किंवा मरण येईल असं वाटणं: मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत अशी १३ लक्षणं आहेत. त्यातली ४ किंवा जास्त अचानक उसळून काही मिनिटांत टोकाला पोचली, तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात.

ही लक्षणं नेमकी कुठून येतात हे ठाऊक असणं अर्धी लढाई आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

धोक्याचा इशारा मिळाला की ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात येतं. पळायचं किंवा लढायचं असेल तर मोठ्या स्नायूंना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात धावतं. अंग तापू नये म्हणून घाम येतो. पचन तेवढ्यापुरतं मागे पडतं, म्हणून पोटात गोळा येतो. त्वचेकडचं रक्त कमी होतं, म्हणून चेहरा पांढरा पडतो आणि हात गार होतात.

श्वासाची गोष्ट तर उलटीच आहे. 'श्वास पुरत नाही' असं वाटत असतं तेव्हा बहुतेक वेळा माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरायला लागतं, सगळं धूसर वाटतं. रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमवरही परिणाम होतो, त्यातून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. छातीचे स्नायू आवळून आवळून दुखू लागतात. ऑक्सिजन मात्र व्यवस्थित असतो. घाबरून आणखी खोल श्वास ओढला की हे सगळं कमी होण्याऐवजी वाढतं.

'मी चक्कर येऊन पडणार' ही भीती फार जणांना असते. बेशुद्ध पडण्यासाठी साधारणपणे बीपी एकदम खाली यावं लागतं. पॅनिकमध्ये बीपी बहुधा वर गेलेलं असतं, म्हणून पडेन असं वाटतं सतत, पण पडायला होतं क्वचितच. याला एक ठळक अपवाद आहे: रक्त, जखम किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते ते लोक. त्यांचं बीपी आधी चढतं आणि मग खरोखरच कोसळतं. त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी वेगळा उपाय बसवला. हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सैल करायचे, पुन्हा आवळायचे. त्यामुळे बीपी टिकतं. अशा माणसाला 'अंग सैल सोड' म्हणून सांगणं म्हणजे त्याला खाली पाडणं.

पायरी २: वाक्य पकडा

यासाठी एक वही लागेल. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण मला वही बरी वाटते. मोबाइल हातात घेतला की लक्षणं शोधायची खाज सुटते.

घाबरायला झालं की त्याच दिवशी चार गोष्टी लिहायच्या: कुठे होतो, अंगात पहिल्यांदा काय जाणवलं, त्या क्षणी डोक्यात कुठलं वाक्य आलं, आणि मी काय केलं. तिसरा रकाना सर्वांत अवघड. बहुतेक लोक तिथे 'खूप भीती वाटली' असं लिहितात. ती भावना झाली. वाक्य हवं. पटकन सापडत नसेल तर स्वतःलाच विचारत जा: 'मग काय होईल असं वाटलं?' एक नोंद सुरुवातीला अशी असू शकते:

बैठकीत होतो. गरगरलं. भीती वाटली. बाहेर गेलो.

तीच नोंद खोदल्यावर अशी होते:

बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, दार बंद, मी दारापासून लांब. मान वळवली आणि क्षणभर डोळ्यांपुढे हललं. वाक्य: 'आता मी सगळ्यांसमोर कोसळणार.' मग काय होईल? 'सगळे जमा होतील.' मग? 'यापुढे मला कुणी महत्त्वाचं काम देणार नाही.' केलं काय: टेबलाची कड घट्ट धरली, पाण्याचे घोट घेतले, फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडलो. दोन मिनिटांत बरं वाटलं.

या दुसऱ्या नोंदीत उपचाराचं निम्मं सामान आलं. खरी भीती कोसळण्याची कमी आणि लोकांच्या नजरेतून उतरण्याची जास्त, हे कळलं. मान वळवण्यातून आलेलं साधं हलणं सुरुवातीला होतं, हे कळलं. आणि टेबलाची कड, पाणी, खोटा फोन हे तीन आधारही उघडे पडले. आठवडाभर फक्त एवढंच करा. काही सुधारू नका.

पायरी ३: आपली सवय कोणती ते ओळखा

पाच-सात नोंदी झाल्या की त्यात तोच तोच साचा दिसू लागतो. प्रत्येकाची एखादी लाडकी खोड असते.

सर्वांत जास्त आढळणारी म्हणजे 'काय झालं तर?' लिफ्ट अडकली तर? बोलताना शब्दच सुचला नाही तर? हा प्रश्न दिसायला प्रश्न असला तरी त्याचं उत्तर कुणी देतच नाही. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न उभा. यावर साधा तोडगा म्हणजे प्रश्नाला विधान करायचं: 'लिफ्ट अडकेल आणि मी आत गुदमरून मरेन.' विधान तपासता येतं. प्रश्न नुसता लोंबकळत राहतो.

दुसरी खोड राईचा पर्वत करण्याची. यात दोन चुका एकदम होतात: वाईट घडण्याची शक्यता फुगवली जाते आणि घडलंच तर आपण ते निभावू, हे हिशेबातच धरलं जात नाही. लोक पहिल्या चुकीकडे लक्ष देतात. माझ्या मते दुसरी जास्त महागात पडते, कारण शक्यता कमी आहे असं पटवलं तरी मन म्हणतं, 'पण झालंच तर?' तिथे उत्तर शक्यतेचं नसतं, निभावण्याचं असतं.

तिसरी, शरीरावर पहारा. उठल्या उठल्या छातीकडे लक्ष, दर अर्ध्या तासाने नाडी, मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांचा आकडा. निरोगी माणसाचंही हृदय मधूनच एखादा ठोका वेगळा टाकतं. ज्याचं लक्ष नाही त्याला तो कळत नाही. पहारा देणाऱ्याला प्रत्येक कळतो.

चौथी खोड म्हणजे भावनेलाच पुरावा मानणं: 'मला इतकी भीती वाटतेय, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.' भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. आणि पाचवी, शंभर टक्के खात्री मागण्याची. 'काही होणार नाही ना? नक्की ना?' कुठल्याच डॉक्टरला अशी खात्री देता येत नाही. ज्याला ती हवीच असते त्याची चिंता कधी संपत नाही, कारण खात्री मिळाली तरी ती संध्याकाळपर्यंतच टिकते.

पायरी ४: वाक्य तपासा, त्याच्याशी कुस्ती नको

'सकारात्मक विचार करा' हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्याचा उपयोग फारसा होत नाही. घाबरलेल्या मनाला 'सगळं छान आहे' हे खोटं वाटतं आणि ते लगेच ओरडून उलट उत्तर देतं. 'तो विचारच करू नकोस' हा सल्ला त्याहून वाईट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर, आधी विचार दाबलेल्या लोकांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. धडधडीचं आणि मरणाच्या विचाराचंही तेच होतं.

मग करायचं काय? पकडलेलं वाक्य कागदावर ठेवून त्याला काही साधे प्रश्न विचारायचे. हे वाक्य माझ्या डोक्यात याआधी किती वेळा आलं, आणि त्यातलं किती वेळा खरं ठरलं? जे जाणवतंय त्याचं दुसरं कोणतं कारण असू शकतं: जागरण, उपाशी पोट, उकाडा, भराभर श्वास, कॉफी? अगदी हीच गोष्ट जवळच्या मित्राने सांगितली असती तर मी त्याला काय म्हटलं असतं? आणि समजा घडलंच, तर पुढच्या दहा मिनिटांत मी काय करेन, पुढच्या आठवड्यात काय करेन?

वरच्या बैठकीचंच घ्या. 'कोसळणार' हे वाक्य त्या माणसाला डझनभर वेळा आलेलं असेल, तो एकदाही पडलेला नसेल. समजा पडलाच, तर कुणीतरी पाणी देईल, खुर्ची देईल, दोन दिवस विचारपूस होईल. लाज वाटेल, हे खरं. नोकरीवरून काढतील, हे खरं नाही. या तपासणीतून जे नवं वाक्य निघतं ते गोड असायची गरज नाही, पटण्याजोगं असावं: 'मला गरगरतंय कारण मी भराभर श्वास घेतोय. हे त्रासदायक आहे. आजवर मी यात पडलेलो नाही.' बस्स, एवढंच.

नुसत्या कागदी तपासणीवर मात्र फार विसंबू नका. डोक्याला पटतं आणि पोटातला गोळा तसाच राहतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. पोटाला पटवायला प्रत्यक्ष करूनच बघावं लागतं. पुढच्या तीन पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी ५: छुपे आधार शोधा आणि एकेक सोडा

पॅनिक अटॅक शंभर वेळा आला आणि शंभर वेळा काहीच झालं नाही, तरी माणूस शहाणा का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये दिलं. घाबरलेला माणूस दर वेळी स्वतःला 'वाचवण्यासाठी' काहीतरी करतो आणि वाचल्याचं श्रेय त्या गोष्टीला देतो. 'टेबल धरलं म्हणून पडलो नाही.' त्यामुळे टेबल न धरताही आपण पडलो नसतो, हे त्याला कधी कळतच नाही.

हे आधार मोठे चतुर असतात. पाण्याची बाटली. खिशातली गोळी, जी कधी घेतली जात नाही पण नसली की हातपाय गळतात. दाराजवळची जागा. सोबत कुणीतरी हवंच असणं. फोनवर बोलत चालणं. इंटरनेटवर लक्षणं शोधणं. पुन्हा पुन्हा नाडी बघणं तर खपली काढत राहण्यासारखं आहे, जखम भरायला वावच मिळत नाही. आणि हे अनेकांना आवडणार नाही, पण दीर्घ श्वसनसुद्धा यात मोडू शकतं. मुळात ते चांगलंच आहे. पण 'खोल श्वास घेतला नाही तर मी मरेन' या समजुतीने घेतलेला श्वास हा श्वास नसून ताईत असतो.

वहीतल्या चौथ्या रकान्यातून सगळ्या आधारांची यादी करा. जो सोडायला सर्वांत सोपा वाटतो तिथून सुरुवात. बाटली बॅगेत राहू द्या, हातात नको. मग बॅग बाजूच्या खुर्चीवर. मग बाटली घरीच. सोडण्याआधी लिहा: 'बाटली नसेल तर घसा बंद होईल, खात्री ७० टक्के.' परत आल्यावर लिहा, काय झालं. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची औषधं मात्र या यादीत धरायची नाहीत. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पायरी ६: धडधड मुद्दाम आणा

ऐकायला वेडेपणा वाटतो, पण पॅनिकच्या उपचारातला हा फार परिणामकारक भाग आहे. ज्या संवेदनेची भीती वाटते तीच आपल्या हाताने, आपल्या वेळेला, घरात बसून निर्माण करायची.

धडधडीसाठी जागच्या जागी जोरात एक मिनिट धावा. गरगरण्यासाठी फिरत्या खुर्चीत किंवा उभ्याने अर्धा मिनिट गोल फिरा. मुंग्या आणि धूसरपणासाठी एक मिनिट भराभर, खोल श्वास घ्या. गुदमरण्यासाठी नाक धरून बारीक नळीतून एक मिनिट श्वास घ्या. सगळं खोटं वाटण्याच्या भावनेची भीती असेल तर आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे दोन मिनिटं टक लावून बघा. गरोदरपण, हृदयविकार, दमा, फिट येणं, मानेचा किंवा पाठीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

आधी अंदाज लिहा: 'श्वास भराभर घेतला तर मी बेशुद्ध पडेन, खात्री ६० टक्के.' मग करा. संपल्यावर लगेच पाणी पिऊ नका, आडवं होऊ नका, खिडकी उघडायला धावू नका. नुसते उभे राहा आणि संवेदना आपोआप कशी ओसरते ते बघा. मग पुन्हा करा. एका बैठकीत तोच प्रकार तीन-चार वेळा, रोज. काही दिवसांनी कंटाळा येऊ लागतो. तो आला की समजा काम झालं, पुढची संवेदना घ्या.

पायरी ७: टाळलेल्या जागी जा

टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि तीच सुटका भीतीला खतपाणी घालते. आज लिफ्ट टाळली की उद्या गर्दी, परवा प्रवास. माणसाचं जग एकेका खोलीने लहान होत जातं.

जागांची यादी करून प्रत्येकीला शून्य ते शंभर गुण द्या. तीस-चाळीस गुणांच्या जागेपासून सुरुवात करा. जाताना आधीसारखाच नेमका अंदाज लिहायचा. 'वाईट वाटेल' हा अंदाज नव्हे, कारण वाईट तर वाटणारच. 'रांगेत पाच मिनिटांत माझा ताबा सुटेल आणि मी किंचाळेन' हा अंदाज. तिथे भीती पूर्ण उतरेपर्यंत थांबायलाच हवं असं पूर्वी सांगत. आता भर अंदाज खोटा ठरण्यावर दिला जातो. भीती तेवढीच राहिली आणि तरीही तुम्ही किंचाळला नाहीत, तरी धडा पक्का झाला. तीच जागा वेगवेगळ्या वेळी, एकटे, थकलेले असताना, गर्दीतही करून बघा.

झटका आलाच तर

हे कमी शब्दांत सांगतो, कारण ऐन वेळी जास्त काही आठवत नाही. जिथे आहात तिथेच राहा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबवा. मनात म्हणा, 'हा पॅनिक आहे, मिनिटांत चढतो, मग उतरतो.' श्वास ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, हळू आणि लांब, पण तो ताईत होऊ देऊ नका. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका, खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो. हातातलं काम संथपणे चालू ठेवा. झटक्याला थोपवायच्या नादी लागू नका, त्याला येऊन जाऊ द्या. झोपेतून दचकून उठवणारा झटकाही याच जातीचा, त्यालाही हेच.

सोबतच्या माणसाने 'घाबरू नकोस, काही होत नाही' असं दहादा म्हणू नये. शांतपणे शेजारी बसावं, 'हे याआधीही आलं होतं, उतरेल, मी आहे' असं एकदा सांगावं आणि गप्प राहावं. दिवसभरातून पन्नासदा 'मला काही होणार नाही ना?' विचारणाऱ्याला दर वेळी दिलासा देणं म्हणजे माया वाटते, पण चिंतेला रतीब घालणं होतं. आधी दोघांनी मिळून ठरवावं: उत्तर एकदाच मिळेल.

झटके नाहीत, पण दिवसभर काळजी कुरतडते

काही जणांना झटके येत नाहीत, पण डोक्यात चोवीस तास काळजीचं दळण चालू असतं. मन चिंती ते वैरी न चिंती. गंमत म्हणजे अशा अनेकांची मनोमन समजूत असते की काळजी केल्यामुळे संकट टळतं, किंवा निदान तयारी होते. बहुतेक संकटं तशीही येत नाहीत, आणि श्रेय काळजीला जातं. टेबल धरण्याचाच हा दुसरा अवतार.

यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेला एक उपाय आहे: काळजीची वेळ ठरवून टाकायची. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. अंथरूण नको, झोपेच्या तोंडावर नको. दिवसा काळजी आली की एका ओळीत टिपायची, 'संध्याकाळी बघू' म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. हे दाबणं नव्हे, पुढे ढकलणं आहे. ठरल्या वेळी यादी घेऊन बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. निम्म्या ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपुढे एक खूण करायची: यावर मला उद्या काही करता येईल का? येत असेल तर पहिलं पाऊल लिहा. येत नसेल तर ती अनिश्चितता तशीच राहणार आहे, तिच्याजवळ अर्धा तास पुरा करा आणि उठा.

मदत कधी घ्यायची, आणि पुन्हा आलं तर

झटके अवचित येत असतील, आणि महिनाभर किंवा जास्त काळ पुढच्या झटक्याच्या धास्तीत जात असेल किंवा त्यापायी तुमचं वागणं बदललं असेल, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. तेव्हा सीबीटी जाणणारा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. झोप, भूक, कामावर जाणं सुटलं असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर आणखी थांबू नका. जगण्याचा वीट आला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर आजच घरच्या माणसाला सांगा आणि तज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

औषधं घेणं म्हणजे हरणं नव्हे. एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंता यांवर रोज घ्यायची) औषधं पॅनिकवर चांगली चालतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो. हे आधी माहीत नसलं की लोक चौथ्या दिवशीच गोळी टाकून देतात. अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्याच काळासाठी घ्यायच्या आणि त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या.

सगळं ठीक होऊन कित्येक महिने लोटल्यावर एखाद्या दिवशी झटका येऊ शकतो. बहुतेक वेळा त्याच्याआधी जागरणं, ताप, घरातलं आजारपण किंवा कामाचा रेटा असतो. त्या वेळी पहिलं वाक्य येतं, 'सगळं पुन्हा पहिल्यापासून.' तेही वहीत लिहा आणि इतर वाक्यांसारखंच तपासा. मग नोंदी चाळून बघा, कुठला आधार गुपचूप परत आलाय. बहुधा एखादा सापडतोच: बाटली परत हातात आलेली असते, नाहीतर बैठकीला जाताना दाराजवळची खुर्ची पुन्हा पकडलेली असते. तो सोडा, खुर्चीवर गोल फिरण्याचे आणि जागच्या जागी धावण्याचे प्रकार आठवडाभर पुन्हा करा, आणि ज्या जागी झटका आला तिथे दोन-तीन दिवसांच्या आत परत जा.